मोठ्या लहरींचा रेडिओ

आमच्या पलंगाखाली दोन वल्ही होती आणि खोली वल्ह्यांपेक्षा हातभर आखूड होती. म्हणून त्यांची पाती खिडकीतून बाहेर आलेली असायची. दांडे पलंगाच्या पायाला साखळीने बांधलेले, साखळीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली बायकोच्या गळ्यातल्या दोऱ्यात. खिडकी लागत नसे. वारा, डास आणि शेजाऱ्यांची भांडणं विनापरवाना आत यायची. पण तक्रार कुणाकडे करणार? वल्ही माझ्या वडिलांची आणि कुलूप माझ्या बायकोचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी पाय दुमडून झोपलेला.

रोज सकाळी बाबा खिडकीबाहेर बादली पालथी घालून बसायचे आणि बाहेर आलेल्या पात्यांना तेल चोळायचे.

"काय करताय, मामंजी?" बायको आतून विचारायची.

"तेल लावतोय. लाकडाने काही गुन्हा केलेला नाही."

"लाकडाला कुणी काही म्हटलेलं नाही."

एवढं बोलून दोघंही आपापल्या कामाला लागायची. बाबांना मात्र काम नव्हतं, हीच तर अडचण होती.

झालं होतं असं. मागच्या हंगामात बाबा एकटेच नाव घेऊन खडकापलीकडे गेले. खडकापर्यंत आमची खाडी, पलीकडे समुद्र. मासा पलीकडे. बाबांना हवा कळते ती उजव्या गुडघ्यातून. वारा फिरणार असला की गुडघा ठणकतो, अशी त्यांची चाळीस वर्षांची ख्याती. त्या दिवशी गुडघा गप्प राहिला आणि वादळ आलं. त्या दिवशी बाबा परत आले नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही आले नाहीत. घरात माणसं जमली. शेजारी, ज्यांना सगळा गाव उतावळे म्हणतो, त्यांनी डोळे पुसत पुसत बाबांच्या घरी राहिलेल्या जाळ्याची चौकशी केली, आणि 'आता पडून काय उपयोग' म्हणत ते खांद्यावर टाकलंही. ते दारातून बाहेर पडतायत आणि समोरून बाबा. ओलेचिंब, ओठ निळे, डोक्याला खोक.

"जाळं कुठे निघालं?" बाबांनी विचारलं.

"वाळत घालतो म्हटलं," उतावळे म्हणाले.

गाव अजून त्यावर हसतो. माझी बायको हसली नाही. ती दीड दिवस धक्क्यावर अनवाणी, पावसात उभी होती. बाबा आले तेव्हा तिने पाणी तापवलं, जखम बांधली, त्यांना झोपवलं, आणि मग वल्ही उचलून पलंगाखाली सारली.

तेव्हापासून तिचं एकच म्हणणं. नावेत रेडिओ हवा. सरकारी केंद्र रोज सकाळी सहाला आणि दुपारी सव्वा वाजता हवामान सांगतं. ते खडकापलीकडे ऐकू आलं पाहिजे, आणि ऐकू येतं हे तिच्या स्वतःच्या कानांना कळलं पाहिजे. मग वल्ही सुटतील.

बाबा सहा महिने ऐकेनात. पालथ्या घड्यावर पाणी. पण नाव किनाऱ्यावर उन्हात पडून होती आणि तिच्या फळ्या सुकायला लागल्या होत्या. मी नावा दुरुस्त करणारा सुतार, म्हणून मला ते आधी दिसलं. सांध्यांत बोट जाऊ लागलं होतं. अजून पंधरा दिवस ती पाण्यात गेली नसती, तर पुढे फक्त जळणाच्या कामाची उरली असती. आणि नाव गेली असती तर बाबाही त्या बादलीवरून उठले नसते, हे मला दिसत होतं. बादलीवर बसलेला माणूस रोज थोडा थोडा आखूड होत होता.

'मग मुला, तूच का नाही गेलास पाण्यावर?' असं कुणी विचारेल. विचारू नका. नावाड्याच्या पोटी जन्मलो, पण नावेत पाय ठेवला की माझं पोट तोंडाशी येतं. मी नावा बनवतो आणि जमिनीवरून त्यांना निरोप देतो.

शेवटी बाबांनीच एक दिवस तेलाची वाटी खाली ठेवली. "चल," मला म्हणाले. "घेऊन टाकू तो रेडिओ. अडला हरी."

पुढचं त्यांनी म्हटलं नाही, पण बायकोने आतून ऐकलं आणि भांडं जरा जोरात आपटलं.

रेडिओवाल्याचं दुकान बाजाराच्या टोकाला. एवढंसं दुकान, पण भिंतभर रेडिओ, आणि त्यातले पाच एकाच वेळी चालू. बाबांनी आधी प्रत्येक रेडिओ हातात घेऊन वजन केलं. मग नाकाशी नेला. मग कानाशी नेऊन हलवला, नारळात पाणी आहे का बघतात तसा.

"नावेत न्यायचाय," मी सांगितलं. "लहान हवा. हवामान नीट ऐकू यायला हवं."

रेडिओवाल्याने एक राखाडी, साबणाच्या वडीएवढा रेडिओ पुढे केला. "हा न्या. मध्यम लहरींवर एकदम पक्का."

बाबांनी हात मागे घेतला. "मध्यम?"

"मध्यम. सरकारी केंद्र त्याच्यावरच लागतं."

"सरकारी माणसं काठावर बसतात. त्यांना मध्यम पुरत असेल." बाबा माझ्याकडे वळले. "खडकापलीकडे लहरी कशा असतात, सांग यांना."

मी कधी खडकापलीकडे गेलो नव्हतो. तरी हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला.

रेडिओवाला गोंधळला. "लघुलहरींचाही आहे."

"लघु तर धक्क्यापाशी असतात. त्यात पोरं पोहतात. मोठ्या लहरींचा दाखवा."

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. नाव घेताना आपण लाटेला टिकेल अशी घेतो, मग रेडिओ का नाही? रेडिओवाल्याने क्षणभर आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. गिऱ्हाईक मोठं काहीतरी मागतंय एवढंच त्याला उमगलं असावं. त्याने वरच्या फळीवरून एक काळा, चामड्याच्या पिशवीतला, चकचकीत रेडिओ काढला. "हा दूर पल्ल्याचा. याच्यावर सातासमुद्रांपलीकडचं येतं."

"सात?" बाबांचा चेहरा उजळला. "आम्हाला एकाच समुद्रात जायचंय, तेही काठाकाठाने. चालेल."

घरी आल्यावर बाबांनी तो अंगणात दगडावर ठेवला. उतावळेही कुंपणाला टेकून उभे राहिले. बायको हात पुसत बाहेर आली. सव्वा वाजला. बाबांनी कान पिळावा तशी खुंटी पिळली आणि रेडिओतून एक बाई जोरजोरात बोलू लागली. शब्द कुणालाच कळेना. बाबांनी खुंटी पुढे नेली. एक पुरुष रागावला. आणखी पुढे नेली तर कुणीतरी शिंगासारखं काहीतरी वाजवलं.

"हवामान कुठाय?" बायकोने विचारलं.

"तेच चाललंय," बाबा म्हणाले.

"काय म्हणतोय तो?"

"वारा आहे म्हणतो."

"कुठल्या देशात?"

बाबांनी आवाज वाढवला. "वादळाला भाषा लागत नाही. आवाजावरून कळतं."

"गुडघ्यावरूनही कळायचं," बायको म्हणाली आणि आत गेली. उतावळ्यांनी कुंपणाशी तोंड लपवलं. बाबा त्या रागावलेल्या पुरुषाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत बसले. मधेच बंद केलं असतं तर हार झाली असती.

दुसऱ्या दिवशी दुकानात आम्ही तिघं गेलो. रेडिओवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "अहो आजोबा, त्या लहरी हवेतल्या. रेडिओच्या. पाण्याच्या लाटांशी त्यांचा काय संबंध? तुमच्या या रेडिओत मध्यम लहरी नाहीतच, मग सरकारी केंद्र लागणार कुठून?"

"मग त्यांना लहरी कशाला म्हणता?"

"नावच आहे ते."

"चूक नाव ठेवणाऱ्याची," बाबा म्हणाले. "आमच्या पाण्याचं नाव उचलायचं आणि वर आम्हालाच हसायचं."

रेडिओवाला हसत नव्हता, पण माझी बायको हसत होती, पदराआडून. "मध्यमच द्या," ती म्हणाली. "घरात लहरी माणूस एक आहे, तेवढा पुरे." मग सरळ होऊन म्हणाली, "पण दुकानात ऐकून घेणार नाही. दुकानात सगळेच बोलतात. नावेत ऐकून घेईन."

तो काळा सातासमुद्रांचा रेडिओ दुकानात ठेवून घेऊन रेडिओवाल्याने आम्हाला दुपारपुरते तीन लहान रेडिओ दिले. एक लाल, एक पांढरा आणि तो पहिला साबणाच्या वडीएवढा राखाडी. बायकोने ते टोपलीत अंडी ठेवावीत तसे ठेवले.

तिने कुलूप काढलं तेव्हा बाबा खिडकीबाहेर उभे होते. मी आतून दांडे ढकलले, त्यांनी बाहेरून पाती धरली. वल्ही हातात आल्यावर त्यांचे खांदे जरा रुंद झाल्यासारखे वाटले. सांध्यांत मी आधीच काथ्या ठोकून डांबर भरलं होतं. तरी नाव पाण्यात जाताच चार ठिकाणी पाझरली. "पाणी पिऊ दे तिला," बाबा म्हणाले. "सहा महिन्यांची तहान आहे."

बायको मधल्या फळीवर टोपली मांडीत घेऊन बसली. मला डबा दिला होता, आत आलेलं पाणी उपसायला. मी तो दोन्ही कामांना वापरला. धक्का दोनशे हात मागे पडला नाही तोच माझं सकाळचं सगळं बाहेर आलं.

"अहो, पुढे नाळेकडे तोंड करा," बायको म्हणाली. "इकडे रेडिओ आहेत."

लाल रेडिओ अर्ध्या खाडीपर्यंत छान बोलला. आवाज गोड, अगदी कानाशी बसून सांगितल्यासारखा. मग खोकला, आणि खडक दिसू लागल्यावर मिटलाच. पांढऱ्याला सगळंच ऐकू येत होतं. दुसऱ्याच कुठल्या केंद्राचा हवामानवाला आणि गाणारी बाई दोघं एकदम. "उत्तरेकडून ताशी वीस," असं तो म्हणायचा आणि लगेच ती म्हणायची, "ये ना साजणा."

"हा नको," बायको म्हणाली. "वादळाला बोलावतोय."

राहिला राखाडी. त्याचा आवाज नाकातला, सर्दी झालेल्या कारकुनासारखा, पण एकसुरी. खडक आला, तो बोलत राहिला. खडकाला वळसा घालून नाव समोरच्या पाण्याला लागली आणि तो एकदम गप्प झाला. तेवढ्यात सव्वा वाजत आला होता. बायकोचा चेहरा पडला. बाबांचा तिच्याहून जास्त.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी एक वल्हं दाबून नाव आडवी घेतली. रेडिओ बोलू लागला. पुन्हा सरळ केली, गप्प. पुन्हा आडवी, बोलला. "बघितलंस? याला तोंड आहे. याचं तोंड गावाकडे नसलं की रुसतो. काही हरकत नाही. सव्वा वाजला की मी नाव आडवी घेत जाईन."

नाव आडवी आणि लाट बगलेत. पहिल्या लाटेला आम्ही डावीकडे कलंडलो, दुसरीला उजवीकडे. मी डबा टाकून काठ धरला. पुढच्या लाटेचं पाणी बायकोच्या मांडीवरून वाहून गेलं. एवढ्या वर्षांत देवाला जे काही मागायचं राहिलं होतं ते मी तेव्हा मागून घेतलं. बाबा मात्र मान तिरकी करून हवामान ऐकत होते. वादळाची सूचना ऐकण्यापायी माणसं बुडाली असती, आणि तीही शांत हवामानात.

"मामंजी," बायको म्हणाली, "नाव कशाला फिरवता? हा फिरवा ना."

तिने रेडिओ उचलून फळीवर आडवा ठेवला. बाबांनी नाव लाटेला सरळ केली. रेडिओ नाकातून बोलतच राहिला: समुद्र शांत, वारा मंद.

बाबा वल्ही मारत राहिले. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "मी तेच सांगणार होतो."

संध्याकाळी आम्ही टोपली परत न्यायला दुकानात गेलो. मी अजून हलत होतो, दुकानही हलत होतं. राखाडी रेडिओ ठरला. रेडिओवाला त्याला दोरी बांधून देत होता, आणि मग बायकोने तो प्रश्न विचारला. मला वाटतं, सहा महिने तिच्या मनात तोच होता आणि बाकी सगळं त्याच्यासाठी होतं.

"आणि मी घरून बोलले, तर मामंजींना नावेत ऐकू जाईल ना?"

रेडिओवाला हसला. वाईट माणूस नव्हता, पण हसला. "नाही हो, वहिनी. हा नुसता ऐकतो. याला तोंड नाही."

"मग मी त्यांना हाक कशी..." एवढंच ती म्हणाली. मान खाली घालून तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. इतके दिवस ती ज्या रेडिओसाठी अडून बसली होती, तो तिच्या डोळ्यांपुढे निराळाच होता. त्यातून ती हाक मारणार होती, 'मामंजी, परत या.' मला तिची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. इतके दिवस मला वाटत होतं की ती सासऱ्यावर कुरघोडी करतेय.

बाबा दुकानातल्या टॉर्चचे दिवे बघत होते. एक लावून बघितला, विझवला, पुन्हा लावला. मग रेडिओवाल्याकडे न बघता म्हणाले, "असाच अजून एक द्या."

"दुसरा कशाला?"

"घरात. नावेत मी ऐकीन, ते त्याच वेळी ही घरात ऐकेल. म्हणजे मी काय ऐकलंय ते हिला माहीत." टॉर्च विझवून ते पुढे म्हणाले, "आणि वारा सांगितला असताना मी वेळेवर आलो नाही, तर 'ऐकलं नाही' म्हणायची सोय मला राहणार नाही. तेवढीच एक सोय होती माझी."

सातासमुद्रांच्या बदल्यात साबणाच्या दोन वड्या आल्या, वर सेलचा डबा.

मग हंगाम सुरू झाला. सकाळी बायको कुलूप काढायची, संध्याकाळी लावायची. बाबांनी त्यावर एकदाही तोंड उघडलं नाही. रोज सव्वा वाजता घरातला रेडिओ नाकात बोलायचा, बायको हातातलं काम थांबवून ऐकायची आणि म्हणायची, "ऐकलं असेल त्यांनी." दोनदा वाऱ्याचा इशारा आला. दोन्हीदा बाबा वारा यायच्या आत खडकाच्या अलीकडे होते. दुसऱ्यांदा त्यांचा गुडघाही ठणकला होता म्हणे. "रेडिओनंतर," बायकोने नोंद घेतली.

आणि मग तो दिवस. मी धक्क्यावर एका नावेला डांबर देत होतो. तीन वाजले असतील. ऊन लख्ख, पाणी काचेसारखं. बघतो तर बाबांची नाव येतेय, आणि कशी, तर मागे वाघ लागल्यासारखी. वल्ही सपासप. धक्क्याला लागले तेव्हा बाबांच्या हाताचे फोड फुटले होते.

"काय सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी?"

"सव्वा वाजता. काय सांगितलं?" ते धक्क्यावर इकडे तिकडे बघत होते. "आणि सूनबाई कुठाय?"

"घरी असेल."

"घरी? इथे नाही?"

ते तसेच अनवाणी घराकडे सुटले. मी डांबराचा ब्रश हातात घेऊन मागे. दार उघडं होतं. बायको चटईवर कुशीवर झोपली होती, उशाशी रेडिओ, त्यात कुणीतरी हळू आवाजात गात होतं. दुपारी झोपलेली मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती. तोंड किंचित उघडं, कपाळावर एकही आठी नाही. बाबा उंबऱ्यात थबकले. त्यांच्या कपड्यांतून वल्ह्यांनी उडालेलं पाणी टपकत होतं. त्या टपटपीनेच बहुधा ती जागी झाली.

"मामंजी? आत्ता?"

"हवामान काय सांगितलं?"

तिने डोळे चोळले. "समुद्र शांत. वारा मंद. मासेमारीला अनुकूल."

"अनुकूल," बाबा म्हणाले आणि उंबऱ्यातच बसले.

त्याच वेळी बाहेरून उतावळे चालले होते, पाठीमागे दोन माणसं आणि मधे काठीला लटकलेली भरलेली टोपली. "आज काय मासा लागलाय हो खडकापलीकडे," ते ओरडून म्हणाले. "तुम्ही अर्धं जाळं टाकून कुठे पळालात?"

बायको उठून बसली. "मग का आलात?"

बाबांनी खिशातून राखाडी रेडिओ काढला आणि जमिनीवर ठेवला. त्यातून थोडं पाणी आणि एक एवढुशी कोळंबी बाहेर आली. "तोंड फिरवायला गेलो याचं. हातातून निसटला, उपसलेल्या पाण्याच्या डब्यात. नेमका सव्वाला पाच मिनिटं असताना." ते पंजातले फोड बघत म्हणाले. "पुढे काय सांगितलं ते मला कळलं नाही. पण तुला कळलं असणार. म्हटलं, वाईट सांगितलं असेल तर तू पुन्हा धक्क्यावर जाऊन उभी राहशील. अनवाणी."

"मी झोपले होते," बायको म्हणाली. ती हसायला लागली, अगदी पोट धरून, आणि हसता हसता रडायला लागली, आणि ते थांबवायचा तिने प्रयत्नही केला नाही. मी डांबराचा ब्रश घेऊन उभा होतो. काय करावं मला कळत नव्हतं, पण घरात बरं वाटत होतं.

"हसायला काय झालं?" बाबा म्हणाले. "आख्खा दिवस बुडाला माझा."

"चहा टाकते," ती म्हणाली. पण चुलीकडे न जाता खोलीत गेली. साखळीचा आवाज झाला. बाहेर येऊन तिने गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली कुलपासकट माझ्या हातात ठेवली. "तुमच्या हत्यारांच्या पेटीला होईल."

"वल्ही आत ठेवू ना?" मी विचारलं. वल्ही अजून धक्क्यावर, नावेतच होती.

"नको. राहू देत त्यांची नावेतच. जागा कुठे आहे घरात?"

बाबा उठले, आमच्या खोलीत गेले आणि खिडकी ओढून पाहिली. इतके महिने उघडी राहून ती फुगली होती. मी पटाशी आणून कड जराशी तासली, त्यांनी दाबून धरली, आणि खिडकी लागली.